हिरव्या गाडीत काय वाजतं

आई, ती हिरवी गाडी अजून वाजते. कानाजवळ धरून हलवली की आतलं काहीतरी खडखडत या टोकाचं त्या टोकाला जातं, अगदी पहिल्या दिवशी गेलं होतं तसंच. आणि तुला सांगायचं म्हणजे, गेल्या रविवारी मी तिचं छप्पर कापायला बसलो होतो. बारीक करवत हातात, गाडी जुन्या टॉवेलवर उलटी, आणि तुझी नात समोर उभी राहून ओरडून राहिली, "पापा, रुको! एक मिनट रुको ना!" तिला मराठी सगळी समजते, तोंडातून मात्र हिंदीच निघते. तू असतीस तर चार दिवसांत तिला वळणावर आणलं असतंस, नाहीतर तूच तिच्याशी हिंदी बोलायला लागली असतीस, तुझा काही भरवसा नाही. आणि हो, मी लिहायला बसलो की ही अशी शाळेतली मराठी बाहेर येते. मले-तुले तोंडातच राहतं, कागदावर उतरत नाही. हसू नको.

ही गाडी घरी आली तो दिवस मला चांगला आठवतो. मावसा भिलाईला कारखान्यात होते. त्यांच्या शेजारचा परदेशी इंजिनिअर आपल्या देशी परत चालला होता, त्यानं जाताना घरातल्या वस्तू वाटून टाकल्या. मावशीला किटली मिळाली आणि आपल्याकडे एक खोकं आलं. झाकणावर झोकदार गाडीचं चित्र. मी हरखून झाकण उघडलं तर आत गाडी नाहीच. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले नुसते तुकडे, चाकं वेगळी, दारं वेगळी, बोटाएवढं स्टिअरिंग वेगळं. मी भोकाड पसरलं. "फुटकी गाडी देल्ली त्यानं!" तू शिलाई मशीनवरून उठलीस, कुणाचं तरी ब्लाऊज तसंच सुईखाली सोडून. एकेक तुकडा उजेडात धरून पाहिलास. "काहून रडून राहिला रे? फुटकी नाही हे. बेतलेली आहे. शिवाची बाकी आहे फक्त."

ते वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय, की आता ते माझंच वाटायला लागलंय. खोक्यातल्या अशा सुट्या गाड्या जोडणाऱ्या लोकांचा आमचा एक ग्रुप आहे मोबाईलवर. नवा कुणी आला आणि एवढे तुकडे पाहून घाबरला की मी त्याला हेच लिहून पाठवतो.

खोक्यातला कागद कुणालाच वाचता येईना. अक्षरं अशी, की उलटा धरला तरी फरक पडू नये. बाबा ड्यूटीवरून आले, त्यांनी पाहिला, "हे काही आपल्या बसचं नाही" म्हणून हात धुवायला गेले. तू मात्र तो कागद मशीनच्या पाट्यावर पसरलास आणि नुसती चित्रं पाहत बसलीस. मग म्हणालीस, "सोपं आहे. आधी अस्तर, मग वरचं कापड." म्हणजे आधी गाडीचं आतलं, सीटा, स्टिअरिंग, आणि सगळ्यात शेवटी वरचं धूड. मी आज इतकी वर्षं गाड्या जोडतो आहे, चांगल्या चांगल्या जाणत्यांचं ऐकलंय, पण याहून वेगळं कुणी काही सांगितलेलं नाही.

मला अजून ते दिसतं. रेल्वेच्या क्वार्टरचा तो स्वयंपाकघराचा उंबरा, तिथे उजेड चांगला म्हणून आपण दोघं खाली बसलो आहोत. क्वार्टरच्या दारांना लावून उरलेला हिरवा रंग डब्याच्या तळाशी आहे, तोच गाडीला. तू सीटांवर कापड चिकटवून राहिली आहेस, कात्रणांच्या पिशवीतलं. मला सांगतेस, "स्टेरिंग तू लाव. गाडी तुह्यी आहे ना, मंग?" आणि मी श्वास रोखून ते बोटाएवढं चाक लावतो. त्या सगळ्या गाडीत मी एकट्यानं लावलेली तेवढी एकच वस्तू.

शेवटी धूड बसवायची वेळ आली, तर खोक्यातली गोंदाची नळी वाळून खडंग. तू कुठून तरी ते झटपट चिकटणारं आणलंस. मला म्हणालीस, "जाय, ओला फडका आण, बोटं चिकटतीन." मी फडका घेऊन आलो तर काम झालेलं. तू दोन्ही अंगठ्यांनी गाडी दाबून धरली होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तिच्या सगळ्या काचा आतून पांढऱ्याफट्ट! त्या गोंदाची वाफ काचेवर बसते, हे आता मला माहीत आहे, तेव्हा आपल्या दोघांनाही नव्हतं. मी पुन्हा रडायला लागलो. तू म्हणालीस, "अरे, आत माणसं बसली असतीन. दाटीवाटीनं बसलं की धुंदावतेच काच." मग मी गाडी हलवली आणि ती वाजली. मी म्हटलं, आई, आत काहीतरी सुटलं. तू पीठ मळून राहिली होतीस. मागे वळलीही नाहीस. "वाजू दे ना. रिकामी नाही ना, मंग झालं."

तुझं एक होतं आई, अवघड काही विचारलं की तू असंच काहीतरी ठोकून द्यायचीस. मी ते त्यातलंच धरलं. तान्ह्या पोळ्याला तर तू कहरच केलास. सगळी पोट्टी आपापले लाकडी बैल घेऊन मैदानात, आणि मी गाडी नेईन म्हणून हटून बसलेलो. तू रागावशील असं वाटलं होतं. तर तू गाडीला झूल शिवलीस, बेगड लावलीस, पुढे सुतळी बांधलीस. मैदानात एका आजोबांनी विचारलं, "कारे पोट्ट्या, बैल कुठी आहे तुह्या?" मी खाली मान घातली. तू मागून ठणकावून म्हणालीस, "हाच बैल आहे भाऊजी! शिंगं नाही, मारत नाही म्हणून." सगळं मैदान हसलं. आजोबांनी गाडी उचलून हलवली, "पोटात काय वाजून राहिलं याच्या?" तू पदर सावरत म्हणालीस, "चारा." तेव्हाही लोक हसलेच. मीसुद्धा.

त्यानंतर मी किती गाड्या जोडल्या, याचा हिशेब ठेवलेला नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होतो आणि एक फळी भरेल एवढ्याही नव्हत्या. आता कपाट पुरत नाही. पण त्या पहिल्या खडखडाटानं मला एक खोड लागली. कुठलीही गाडी बंद करण्याआधी मी तिचा एकेक तुकडा बोटानं ढकलून पाहतो, बंद केल्यावर कानाशी धरून हलवतो. माझ्या एकाही गाडीत काही वाजत नाही. ग्रुपमध्ये याच गोष्टीवर तर माझी कॉलर ताठ आहे! आणि इकडे पहिलीच गाडी, तुझ्या-माझ्या हातची, खुळखुळ्यासारखी वाजते. काय सुटलं असेल? पुढे इंटरनेट आल्यावर मी त्याच गाडीच्या त्या कागदाचं चित्र शोधून काढलं. गिअरचा दांडा असेल, आरसा असेल, एकेकाचा विचार केला. मनात मात्र खात्री बसत चालली होती की ते स्टिअरिंगच आहे. मी लावलेलं.

आता आम्ही नव्या रायपूरला राहायला आलो. ऑफिस जवळ, रस्ते एवढे मोठे की संध्याकाळी माणूस दिसत नाही. इथे मी हौसेनं काचेचं कपाट करून घेतलं, आत दिवे. दिवे लावले की प्रत्येक गाडीच्या आतलं दिसतं, आणि मधोमध ही हिरवी, मोतीबिंदू झाल्यासारखी. म्हणून ठरवलं, छप्पर कापायचं, नव्या काचा बसवायच्या, सुटलेलं परत चिकटवायचं. आई, मला माहीत होतं की इतक्या वर्षांचं प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं. करवत लागली आणि गाडी हातातच चुरली तर तुझ्या हातचं म्हणून माझ्याकडे काही उरणार नव्हतं. तुझी मशीन गेली, तू शिवलेले कपडे विरले. हे सगळं कळत होतं आणि तरी करवत हातात होती. न कळण्याचा मला कंटाळा आला होता, दुसरं काय सांगू?

तर नात म्हणाली, थांबा, आणि आतून काय घेऊन आली माहीत आहे? कान साफ करायचा कॅमेरा! तुझ्या सुनेनं ऑनलाइन मागवला आहे. काडीएवढा असतो, टोकाला दिवा, आणि कानातलं सगळं मोबाईलवर दिसतं. दिसू नये एवढं दिसतं. पोरीनं गाडीच्या पोटाखाली नखानं खरवडलं. तिथे मोटारीच्या तारेसाठी एक बारीक भोक होतं, त्यावर मीच तेव्हा चिकटपट्टी लावून हिरवा रंग फासला होता, आणि साफ विसरून गेलो होतो. तिनं ती काडी हळूच आत सरकवली.

पहिल्यांदा नुसती धूळ. मग एकदम सीट दिसली. तपकिरी कापड, त्यावर पांढरे ठिपके. हे कुणाचं ब्लाऊज होतं आई? तुझं की कुण्या गिऱ्हाइकाचं? मी "हळू, हळू" म्हणत होतो आणि पोरगी म्हणत होती, "पापा, आप हिलो मत." मग स्टिअरिंग दिसलं. जिथल्या तिथे! जरासं तिरपं, पण घट्ट! मी खुर्चीतून उठलोच. इतकी वर्षं मी उंबऱ्यावरच्या त्या बिचाऱ्या पोराला, म्हणजे मलाच, उगाच दोष देत होतो. मग पोरीनं गाडी तिरपी केली, आणि मागच्या सीटखालून चार-सहा गोल दाणे घरंगळत कॅमेऱ्यासमोर आले. पिवळट पांढरे. "ये क्या है? मोती?" मी पाहिलं आणि लगेच ओळखलं. ज्वारी.

ज्वारीचा तो पत्र्याचा डबा मला कसा विसरता येईल? वर्धेकडून तुझ्या माहेराहून यायची. रायपूरला येऊन तुला किती वर्षं झाली तरी तू म्हणायचीस, "इथं सारा भातच भात." त्या डब्याला कुणी हात लावलेला तुला खपायचा नाही. तुझा जीव माहेराकडे अगदीच ओढला की त्यातून एक-दोन भाकरी व्हायच्या. एवढ्या तोलून वापरायच्या ज्वारीतली तू प्लास्टिकच्या गाडीत टाकलीस, मला फडका आणायला पाठवून. काहून पण?

राहवेना म्हणून मावशीला फोन लावला. आता तिला ऐकू कमी येतं, मला ओरडून सांगावं लागलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "अरे, आमच्या बाबाची रीत होती ते. नवी बंडी सुताराकडून आली का पहिल्यांदा रिकामी हाकलत नव्हते. मूठभर ज्वारी टाकाचे तिच्यात, मंगच बैल जुंपाचे. गाडी रिकामी निंघाली त रिकामीच फिरते म्हणे. तुह्या आईनं तुह्या बंडीत टाकली असन." आणि पुन्हा हसायला लागली, हसता हसता तिचा आवाज बदलला.

तू तर सांगितलंच होतंस. रिकामी नाही, म्हणालीस. चारा आहे, म्हणालीस, सगळ्या मैदानादेखत. मला खूप राग आला तुझा, आणि तितकीच तू हवीशी झालीस. थोडं सविस्तर सांगायला तुझं काय जात होतं गं?

पोरीनं विचारलं, "निकाल दूँ क्या?" मी नको म्हटलं. भोकावर नवी पट्टी लावली, करवत डब्यात ठेवली, काचा राहू दिल्या पांढऱ्या. मग सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी कपाटातल्या माझ्या बाकीच्या गाड्या एकेक काढून कानाशी हलवल्या. एकीतूनही आवाज आला नाही. ज्याचा मी तोरा मिरवला, ते ऐकताना या वेळी मला रडू आलं. सगळ्या रिकाम्या, आई. आणि सगळ्या बंद.

टेबलावर एक आहे फक्त, अजून वरचं कापड न चढवलेली. तिच्यासाठी ज्वारी शोधत फिरलो. इथल्या मोठ्या दुकानात पीठ मिळतं, पाकिटातलं. शेवटी कामानिमित्त अभनपूरला गेलो होतो, तिथे बाजारात धानाच्या राशींच्या मागे एका दुकानात सापडली. दुकानदारानं विचारलं, "कबूतर को डालना है क्या भैया?" मी म्हटलं, "हव." दुसरं काय सांगणार होतो त्याला?

आता वाटीत ज्वारी काढून ठेवली आहे आणि गाडी उघडी आहे. हात अजून होत नाही. न वाजणाऱ्या गाड्यांची सवय एवढी सहज सुटायची नाही, पण पोळा यायचा आहे, तोवर होईल. हा कागद तुला कुठे पाठवणार, गाडीच्या त्या भोकातून तर जात नाही. इथेच ड्रॉवरमध्ये राहील. फक्त एक सांगतो, तुझ्या नातीला सांगितलेलं नाही. ऑफिसला निघताना मी रोज त्या हिरव्या गाडीला कपाटातून काढतो आणि कानाशी धरून हलवतो. काल तिनं पाहिलं. "अब तो पता चल गया ना, पापा, अब क्या सुनते हो?" मी म्हटलं, काही नाही, धूळ झटकून राहिलो. काचेच्या बंद कपाटात धूळ नसते, आई.