नमुन्याचा फोटो

नाना, तुमचा फोटो काल मी सगळीकडून काढून टाकला. तो लावला होता हेच तुम्हाला माहीत नाही, त्यामुळे हे सांगणंही अर्धवटच. ज्या माणसानं आयुष्यात एका मुलाची शिकवणी घेतली नाही, त्याचा चेहरा लातूर-नांदेडच्या कितीतरी शिकवणी वर्गांच्या वेबसाइटवर ‘प्रेरणास्थान’ म्हणून झळकत होता, आणि तो तिथं तुमच्या मुलीनं लावला होता. रागवायला तुम्ही नाही. मीच माझ्यावर रागवायचा प्रयत्न करते, पण तुमच्यासारखं जमत नाही.

माझ्या या धंद्याची सुरुवात तुम्ही पाहिली होती. लग्न होऊन मी नांदेडला आले, कोर्स केला आणि कॉम्प्युटर स्वयंपाकघरात मांडला, कारण इन्व्हर्टरवर चालणारा प्लग तेवढा तिथंच होता. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या आणि एकीकडे माझी पहिली वेबसाइट, गावातल्या एका साडीच्या दुकानाची. तुम्ही आला होतात तेव्हा मोठ्या हौसेनं दाखवली. तुम्ही चष्मा वर-खाली करत सगळं वाचलंत. ‘मराठवाड्यातील सर्वात विश्वासू दालन’ या ओळीशी थांबलात आणि विचारलंत, “हे दुकान बघून आलीस का तू?” मी म्हणाले, नाही, त्यांनी फोनवर माहिती दिली. “बघितलं न्हाईस, मग विश्वासू म्हणून लिहिलंस कसं?” मी हसण्यावारी नेलं. तुम्ही चहा घेतलात आणि बशी धुऊन ओट्यावर पालथी घातलीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. जावयासमोर माझा पाणउतारा केलात असं वाटलं होतं.

तुमचं हे असंच. भूकंप झाला तेव्हा आपण लातूरला राहत होतो आणि तुमची शाळा औशाच्या पुढच्या खेड्यात होती. शाळेच्या जागी दगडमातीचा ढीग उरला होता. पत्र्याची शेड उभी राहिली आणि तुम्ही त्या ढिगातून काढलेला फळा खांबाला सुतळीनं बांधून शिकवायला लागलात. मी एकदा हट्ट करून तुमच्याबरोबर आले होते. मी शेवटच्या ओळीत बसलेय, पत्रा तापलाय, आणि बाहेर गाडी थांबते. ब्लँकेटं घेऊन आलेली शहरातली माणसं, गळ्यात कॅमेरा. गुरुजी, मुलांमध्ये उभे राहा, एक फोटो घेऊ, असं त्यांच्यातला एकजण म्हणतो. तुम्ही त्यांच्याकडे पाठ करता आणि फळ्यावर गणित लिहीत राहता. “पोरांचा तास चालू हाय,” एवढंच, तेही मान न वळवता. ती माणसं जरा वेळ उभी राहिली आणि गेली. मी फोटोसाठी पटकन केस नीट करून घेतले होते. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही.

घरीसुद्धा तेच. शिकवणीसाठी लोक विचारायला यायचे. एक बाई मुलाला घेऊन पिशवीभर शेंगांसकट आल्या होत्या, तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि पिशवीसकट परत पाठवलंत. त्या मुलाला म्हणालात, “अडलं की मला विचार. मी शाळेतच असतो की.” आईनं त्या शेंगांवरून बरेच दिवस टोमणे मारले. शेजारचे सर तोवर घरातच दोन बॅचेस घ्यायला लागले होते आणि त्यांच्या घरावर दुसरा मजला चढत होता. मग बघता बघता लातूरच बदललं. गल्लीगल्लीत क्लास, चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, घरटी एक खोली भाड्यानं दिलेली. तुम्ही निवृत्त झालात, पेन्शनच्या कागदांसाठी नाइलाजानं एक फोटो काढलात, आणि गेलात. त्या फोटोत शर्टाची वरची गुंडी लावलेली, ओठ मिटलेले, आताच वर्गाला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघावी तशी नजर. मोठा करून भिंतीवर लावायचा म्हणून मी तो कॉम्प्युटरमध्ये घेतला होता.

आता चूक सांगते. आमच्या कामात आधी नुसता सांगाडा करतात आणि रिकाम्या जागी काहीतरी भरून गिऱ्हाइकाला दाखवतात. मी सुरुवातीला तयार मिळतो तो इंग्रजीसारखा दिसणारा निरर्थक मजकूर भरायची. हदगावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं, हे काय लिहून ठेवलंय, आमची बदनामी तर नाही ना, म्हणून मला फैलावर घेतलं. तेव्हापासून मी खरं वाटेल असंच भरायला लागले. पहिला मोठा क्लास मिळाला, त्याला मुखपृष्ठावर ‘प्रेरणास्थान’ची चौकट हवीच होती. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेपासून टपरीच्या उद्घाटनापर्यंत कुणाचा तरी आशीर्वादाचा फोटो लागतोच. त्यांनी फोटो पाठवला नव्हता. माझ्या हाताशी तुमचा होता. मी तो बसवला आणि खाली लिहिलं, ‘विद्यार्थ्यांसाठी आयुष्य वेचलेले गुरुवर्य’.

क्लासचे मालक बघून खूश झाले. मी सांगितलं, हा नमुना आहे, तुमच्या वडिलांचा किंवा गुरूंचा द्या. ते म्हणाले, “मॅडम, हेच राहू द्या. लई शोभून राहिलेत. पालकांना बघितल्याबरोबर विश्वास बसतो.” नाना, तेव्हा मला हो-नाही काहीतरी म्हणता आलं असतं. हे माझे वडील आहेत, त्यांना हे चाललं नसतं, एवढं एक वाक्य. पण काम हातचं जाईल ही धास्ती होती. आणि खरं सांगायचं तर तुम्ही पडद्यावर फार रुबाबदार दिसत होतात. मी गप्प बसले. त्यांची वेबसाइट बघून दुसरे क्लासवाले आले, आम्हाला सेम टू सेम पाहिजे म्हणाले, आणि मी तोच सांगाडा नाव बदलून देत गेले. काहींनी आपले फोटो दिले, बऱ्याचजणांनी दिलेच नाहीत. माझा धंदा वाढला, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला, हाताखाली दोन मुली आल्या. तुम्हीही वाढत गेलात, या क्लासचे प्रेरणास्थान आणि त्या क्लासचेही.

मग गेल्या महिन्यात जळकोटहून फोन आला. वेबसाइटच्या तळाशी माझा नंबर असतो, तो बघून. माणूस अदबीनं बोलत होता. “मॅडम, त्या फोटोतले गुरुजी आमचे गुरुजी हायेत. पत्र्याच्या शेडात त्यांनीच शिकवलंय मला.” त्याचे आईवडील भूकंपात गेले, मामानं जळकोटला नेऊन वाढवलं, आता तिथंच त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. मुलगी अकरावीला, तिला डॉक्टर व्हायचंय. लातूरचे बरेच क्लास बघून झाले होते, काही ठरत नव्हतं, आणि मोबाइलवर तुमचा फोटो दिसला. गुरुजी असले तर पोरगी विचारायला भिणार नाही, असं म्हणून त्यानं तिला त्याच क्लासला घातलं. मग त्यानं विचारलं, “गुरुजी कसे हायेत?” मी म्हणाले, बरे आहेत. सध्या येणं-जाणं कमी असतं. तो म्हणाला, पोरगी तिथं हॉस्टेलला असते, रविवारी तिला डबा द्यायला लातूरला येतो, तेव्हा पाया पडायचंय, तेवढं जमवा.

रविवारी मी लातूरला गेले. बसमध्ये वाक्यं जुळवत होते आणि ती मोडत होती. स्टँडवर तो उभा होता, एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, इस्त्रीचा शर्ट. तुम्हाला भेटायचं म्हणून घातला असणार. मी सगळं सांगितलं. मी त्यांची मुलगी, ते जाऊन बरीच वर्षं झाली, फोटो मी नमुना म्हणून लावला, त्या क्लासशी त्यांचा काडीचा संबंध नाही. तो रागावेल, चार माणसांत आवाज चढवेल, अशी माझी तयारी होती. तो फलाटाला लागणाऱ्या गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे गुरुजी तिथं कधी आलेच न्हाईत.” मी नाही म्हणाले. “वर्गात लई पोरं हायेत. मागं बसून हात वर केला तर कुणाला दिसत न्हाई. पोरगी विचारून राहिली, गुरुजी कधी येतेत. मी म्हणतो, येतील.” डब्याची पिशवी वर उचलून धरत त्यानं विचारलं, “आता पोरीनं कुणाला विचारायचं?”

 मला फी, वेळापत्रक, निकालाची पट्टी सरकती कशी ठेवायची हे सगळं येतं, शिकवण्यातलं काही येत नाही. त्यानं कापडी पिशवी माझ्या हातात दिली, गुरुजींच्या घरी न्या म्हणाला, आणि डबा घेऊन हॉस्टेलकडे गेला. पिशवीत शेंगा होत्या. तुम्ही त्या परत दिल्या असत्यात. मी घेऊन आले आणि पिशवी कॉम्प्युटरशेजारी ठेवली, अजून सोडली नाही.

त्यानंतरही मला आठवडा लागला, कारण एकेका गिऱ्हाइकाला काय सांगायचं याची भीती होती. काल अखेर बसले आणि एकेका ठिकाणाहून तुम्हाला काढलं. पहिल्या क्लासच्या मालकांचा लगेच फोन आला, चौकट रिकामी दिसून राहिली म्हणून. त्यांना मी खरं सांगितलं. ते वाईट वाटलं म्हणाले, आणि मग विचारलं की दुसरे कुणी गुरुजी असतील का तुमच्याकडं. ही सवय त्यांना मीच लावली आहे, तेव्हा त्यांना कुठल्या तोंडानं बोलू.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही हे लिहायला बसतानाच माहीत होतं, म्हणून एक गोष्ट आणखी लिहिते. ती त्या वेल्डिंगवाल्याला सांगितली नाही आणि घरातही कुणाला नाही. तुम्ही गेल्यानंतरच्या एवढ्या वर्षांत कुणी मला तुमची खुशाली विचारली नव्हती. फोनवर त्यानं विचारलं आणि मी ‘बरे आहेत’ म्हणाले, ते धंद्यासाठी नव्हतं, घाबरूनही नव्हतं. लाज नंतर वाटली, नाना. म्हणताना फार बरं वाटलं होतं.