सेंट ऑगस्टीनच्या बाकावर

सेंट ऑगस्टीन, फ्लोरिडा
२८ डिसेंबर

अहो,

नमस्कार. मी मजेत आहे. फोनवर बोलताना सगळे आसपास असतात, म्हणून लिहिते.

नाताळच्या सुट्टीत दीपा आणि जावईबापू मला इथे समुद्रकाठी घेऊन आलेत. साडेचारशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव आहे. किल्ला तर शिंपल्यांच्या दगडाचा, हात लावला की खरखरतो. तुम्ही तटावरून हलला नसतात. वारा बोचरा आहे, पण तुमचा मफलर आणलाय.

काल सगळे तिकिटाच्या रांगेत होते आणि मी बाकावर बसले होते. एक गोरी म्हातारी शेजारी येऊन बोलू लागली. मला फक्त ‘हजबंड’ कळलं. मी म्हटलं, “हजबंड, इंडिया.” तिचे डोळे भरून आले आणि तिने माझा हात धरला. तिचा नवरा गेला असावा. माझाही गेला, असंच तिला वाटलं बहुतेक. तसं नाही, हे सांगायला इंग्रजी कुठून आणू? पण मी हात सोडवला नाही. चार महिन्यांत इतका वेळ कुणी माझ्याजवळ बसलं नव्हतं.

दीपाचा दोष नाही, तिला कामच तेवढं आहे. रुही आजी म्हणून बिलगते, पण पुढचं सगळं इंग्रजीत.

गुडघ्याला तेल लावता ना? डबा वेळेवर येतो?

दीपा माझं फेब्रुवारीचं तिकीट पुढे ढकलायचं म्हणते. मला तिला नाही म्हणवत नाही. तुम्हीच फोन करा आणि माझ्यावाचून तुमचं अडतंय असं सांगा. माझं अडतंय, हे सांगू नका.

तुमचीच,
कुमुद