फाटकाची चावी माझ्या गळ्यात

४ जुलै, गुरुवार
वही घेऊन महिना झाला. रोज ठरवतो आज लिहायचं, तेवढ्यात कुणाची तरी गाडी निघते आणि मी मागं बसून जातो. आज कुठं जाता येईना. मामा-मामी आलेत.

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन भीमेकडं उतरतात, पाऊस लागला की परत. दरसाल सरळ माळावर चढतात. यंदा माळाला तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप, चावी भाच्याच्या गळ्यात.

मामा हसले. "बरं झालं बाळ्या, घरचाच माणूस हाय. उघड."

म्हणलं, सरांना विचारतो. मामांचं हसू तिथंच...

५ जुलै
सर म्हंजे झाडं लावणाऱ्या संस्थेचे, मला राखणीला ठेवलंय त्यांनीच. माळावरची झाडं परदेशातल्या एका फाउंडेशनची, लावली आम्ही. खड्डे खणून हाताला फोड आलेत माझ्या. फोनवर सर: "सोमवारी तिकडच्या बाई बघायला येतायत. आत एक मेंढरू दिसलं तर प्रकल्प बंद. आणि तूही घरी."

ईट गावाला तलाठी भाऊसाहेबांकडं गेलो. "माळ गायरान, कुंपण संस्थेचं, अट परदेशातली. ह्यात मी कुठं बसतो सांग बरं?" म्हणाले, आणि चहा सांगितला.

येताना खव्याच्या भट्टीवर थांबलो. गरम खवा खाल्ला, भट्टीवाल्याशी गप्पा, दुपार तिथंच गेली. आलो तर मामी रस्त्याच्या कडंला कोकरू मांडीवर घेऊन. रस्त्याकडंला चारा तो किती. म्हणलं, सोमवारी बाई बघून जाऊ दे, मग बघू. "सोमवारपातूर ही जगत न्हाईत," एवढंच बोलली. खव्याचा हात मी पाठीमागं पुसला.

६ जुलै
सकाळी मारुतीच्या पारावर गावकी बसली. कुंपणाला होकारही हितंच दिलेला, मामा भीमेकाठी असताना.

मामा: "हात वर केले तवा म्या कुठं व्हतो?"

नाना पाटील खाली बघून: "आमाला वाटलं कुंपण परमुलखाच्या मेंढरांला. आपल्या मेंढरांला कोण अडवतंय?"

"तारंला कळतंय व्हय नाना, आपला कोण आन् परका कोण?"

नानांचंच काय, निम्म्या गावाचं ज्वारीचं रान पड आहे, दरसाल मामांची मेंढरं रातभर त्यात बसवायची, लेंडी पडली की ज्वारी उठते. माळ बंद म्हंजे मेंढरं दुसरीकडं, रान तसंच. हे होकार देताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही.

शेवटी ठरलं. कुंपणाच्या आत ओढ्याकाठानं मेंढरं चारायची, गावातल्या माणसांनी काठ्या घेऊन रोपांपुढं उभं राहायचं. उद्याच, सोमवारच्या आत. पण कुलूप कोण काढणार? सगळे माझ्याकडं.

"भाचा हाय की. नोकरी जाईल, दुसरं काय!" कुणीतरी म्हणालं. हसले सगळे. मी पण हसलो.

सरांना फोन लावला. उचलला नाही. मग मीही परत लावला नाही.

७ जुलै, रविवार
उघडलं.

उजाडल्या उजाडल्या. मामांनी शीळ घातली, मेंढरं पाण्यागत आत. नाना, त्यांची सून, अख्खी आळी काठ्या घेऊन रोपांपुढं उभी. तरी बोरीचे काही शेंडे गेलेच. मी ओरडत पळत होतो, कुणावर ओरडत होतो ते माहीत नाही, मेंढरांवर का मामांवर. मामी म्हणाली, "आरं लेकरा, दम खा. त्येंलाबी भूक हाय."

पोट भरलेली कोकरं उड्या मारत होती. बरं वाटलं. खरंच.

आता दुपार. मेंढरं बाहेर निघतायत. फाटकाच्या दगडावर बसून घाईत लिहितोय, कारण समोर एक गोरी बाई उभी आहे. पाठीवर पिशवी, चपला चिखलानं भरलेल्या. भूमच्या यष्टीतून उतरून चालत आली म्हणे. फाउंडेशनचीच बाई, एक दिवस आधी. सर सोबत नाहीत. सरांना माहीत तरी आहे का...

मेंढरं फाटकातून येतायत, ती तारेला टेकून वाट देतेय. एक बोरीचा खाल्लेला शेंडा हातात आहे तिच्या. नाना काठी मागं लपवतायत. मामांनी घोंगडी झटकून अंथरली, "बसा बाई, च्या घ्या."

बसली नाही. माझ्या गळ्यातल्या चावीकडं बोट केलं, आणि तळहात पुढं केला.