एका तुकड्याचे दोन ठिपके

१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. बाबा जिना एकटे चढतात आणि वर पोचले की घरभर सांगत सुटतात. तुझ्या बढतीची बातमीही त्यांनी शेजाऱ्यांना ऐकवून झाली आहे.

तू मुख्यालयात गेलीस तरी इथलं ऑफिस तसंच. खिडकी उघडत नाही, चहाच्या यंत्रातून कोमट पाणी येतं.

पृथ्वीभोवती फिरणारा तो निकामी रॉकेटचा तुकडा तुला आठवत असेलच. आपल्याच कंपनीचा. दोन रडारांनी त्याला दोन क्रमांक दिले, म्हणून आपल्या ग्राफ डेटाबेसमध्ये, त्या ठिपक्या-रेघांच्या जाळ्यात, एकाच धुडाचे दोन ठिपके झाले. वस्तूच्या जवळून जे जे जातं त्याच्याशी एक रेघ; रेघा जितक्या जास्त, तितका धोका मोठा. पण रेघा दोघांत वाटल्या गेल्या आणि धोक्याच्या क्रमवारीत दोघंही तळाशी राहिले. मी ठिपके जोडले, तर तुकडा थेट पहिल्या नंबरावर आला. सगळ्यात जाड रेघ अंतराळस्थानकाकडे जात होती. तिथे पाच माणसं राहतात, ताई.

दुसऱ्या दिवशी बघते तर ठिपके पुन्हा वेगळे. शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसची चूक असेल म्हणून मी त्याच्यावर चिडले आणि परत जोडले. संध्याकाळी परत तोडलेले. दुसऱ्या कंपन्यांचे तुकडे मात्र आपण नावानिशी जगापुढे मांडतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! मला शिसारी आली.

तशीच साहेबांच्या खोलीत गेले. नवं उड्डाण तोंडावर आहे, गिऱ्हाइकं बिथरतील, असं बरंच काही ते घास चावत बोलले. मग म्हणाले, "माझ्यावर कशाला डाफरतेस? तुझ्या ताईनंच तोडायला सांगितलंय. घरचं भांडण घरी करा."

एक वस्तू, एक ठिपका, हे मला तूच शिकवलंस. माझ्या पहिल्याच आठवड्यात, माझ्या खुर्चीमागे उभी राहून. आता त्या खुर्चीत बसायचीही मला किळस येते.

जोडलेला ग्राफ मी स्थानकाच्या नियंत्रण कक्षाला पाठवला आहे. ते उद्या स्थानक थोडं वर उचलणार आहेत. तुकडा कुणाचा, हेही त्यांना कळलंय. माझी नोकरी गेलीच. तुझी बढती राहील की नाही, मी विचारणार नाही.

रविवारी तू आईला भेटायला येशील तेव्हा मी घरी नसेन. तुझ्यासमोर बसून माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. आईला कारण तूच सांग.

लहानपणापासून तुझ्या मागे मागे फिरलेलं, आता थांबलेलं,
तुझं शेपूट