शिरलाच नाही, तरी आत होता

ता. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझा प्रबंध एका वाक्यावर अडलाय. प्रयोग सांगते, जांभया देऊ नकोस. प्रकाशाची एक वाट, तिच्या एका फाट्यावर आरशांचा छोटा वळसा. प्रकाशाचा कण कुठून गेला हे सरळ बघायला जावं तर सगळा खेळच मोडतो. म्हणून प्रत्येक आरसा वेगळ्या लयीत किंचित हलवायचा आणि शेवटी पोचलेल्या प्रकाशात कुठली थरथर उरलीय ते कोट्यवधी कणांवरून ताडायचं. तर वळशातल्या आरशांची थरथर सापडली, पण वळशात शिरायच्या आरशाची नाही! माझे मार्गदर्शक सर म्हणतात, लिही, कण आत न शिरताच आत होता. मला वाटतं, शिरल्याची खूण पुढे पुसली जात असेल. सर हटून बसलेत. हेच वाक्य असलेल्या आमच्या दोघांच्या लेखावर मी सही केली नाही तर पदवी विसरायची.

तुझा लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.
तुझी,
ठमी

ता. ११ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं, दोन्हीदा डोक्यावरून गेलं. बसमध्ये तिकिटं तपासण्यात माझी हयात चाललीय. आत सापडलेला माणूस मी चढलोच नाही म्हणाला तर मी दंड ठोकतो, तुझे सर त्याच्यावर लेख लिहितात! पण बये, सरांचं डोकं फिरलेलं असलं तरी पदवी त्यांच्याच हातात आहे. आईने तुला केव्हाच डॉक्टर करून टाकलंय, शेजारच्या काकू गुडघा दाखवायला तुझी वाट बघताहेत. एका वाक्यापायी सगळी वर्षं पाण्यात घालू नकोस. कर सही आणि मोकळी हो.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा

ता. २९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून पेन हातात घेतलं होतं, शपथ. हातच वळेना. मग वळशातला एक आरसा मुद्दाम केसभर सरकवला, आणि काय सांगू, शिरायच्या आरशाची थरथर पुसटशी दिसायला लागली! सरांना दाखवलं, तर ते म्हणाले की हा वेगळाच प्रयोग झाला. अगदीच चूक नाहीत रे ते. मग त्यांनी विचारलं, तुझ्या मते कण गेला कुठून? मी म्हटलं, एवढ्यावरून सांगता येत नाही. सांगता येत नाही याला कोणी पदवी देत नाही, असं ते ओरडले. मी म्हटलं, सर, पण आपण मोजलंय ते एवढंच.

लेखावरून माझं नाव गेलं. आता नवे मार्गदर्शक शोधायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. खोलीवर येऊन पोटभर रडले, सरांना मनसोक्त शिव्या घातल्या, मग जेवले. आईला सांगायची हिंमत मात्र माझ्यात नाही, ते तू कर.

तुम्हा सगळ्यांचा लोभ यापुढे मला जरा जास्तच लागणार आहे.
तुझी,
ठमी