पाण्याला उठायचं निमित्त

चिरंजीव सत्यजीत यास कारेगावच्या आजीचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असंल असं धरून चालते. इकडं सगळी बरी हायेत. पत्र तुझी बहीण पूनम लिहितीय, मी नुसती बोलतीय. (फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. पत्राला तसं सांगता येत न्हाई.)

दिवाळीला आलास आन् आमच्या भाकरीच्या शेडमध्ये हात मागं बांधून हिंडलास, तवाच मी ओळखलं. लहानपणी माझं गजराचं घड्याळ खोलायच्या आधी तुझं तोंड असंच व्हायचं. कंपनीत शिकलास ते आमच्यावर करून बघायचं होतं तुला. वायफळ काही ठेवायचं न्हाई, म्हणालास. परात तव्याजवळ आणलीस, पिठाचा डबा हाताशी ठेवलास, हे लई चांगलं केलंस, आमच्या कमरा तुला दुवा देतात. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यास, त्याही चालल्या. (मांजर सोडून सगळे मानतात.) मग तुला दिसलं की बायका सारख्या कळशी घेऊन अंगणातल्या हौदावर जातात आन् त्यात वेळ जातो. लगेच शेडमध्ये नळ आणून दिलास, आन् प्रत्येकीची जागा ठरवून टाकलीस. गिताबाईनं मळायचं, सरदारबीनं थापायचं, तिच्या सुनेनं, निलोफरनं, भाजायचं, मी डबे भरायचे.

भाकरी वाढली, खोटं कशाला बोलू. कंपनीतल्या पोरांचे डबे वेळेवर जायला लागले. पण शेड गप झाली. आन् बघता बघता सरदारबीचा खांदा असा धरला की तिला वेणी घालता येईना. एक दिवस ती आलीच न्हाई. निलोफरनं निरोप आणला, "अम्मी म्हणतात, मशीनच व्हायचं असतं तर मी कंपनीत गेले असते."

मी विचारात पडले. तिचा खांदा काय आजचा न्हाई, मग आधी कसं निभत होतं? लई वेळानं उमगलं. आधी जी पाण्याला उठायची, ती परत आल्यावर तिच्या जागेवर दुसरीच सरकलेली असायची, मग ती रिकामी दिसंल तिथं बसायची. सरदारबीनं खांदा चोळला की गिताबाई ओरडायची, "मावशे, जा की गं पाण्याला!" पाणी तर आधीच भरलेलं असायचं, बाळा. थापणारीनं उठावं म्हणून ते लागायचं. हे तुला दिसलं न्हाई, आन् इतकी वर्षं तिथं बसून मला तरी कुठं दिसलं होतं? नळ आला आन् आमचं उठायचं निमित्तच गेलं.

नळ काढ म्हणत न्हाई. (माझे गुडघे तुझ्या बाजूनं हायेत.) सगळ्याजणी बसलो आन् बोललो. गिताबाई म्हणाली, परातीतलं पीठ संपलं की सगळ्यांनी एक जागा सरकायचं. निलोफर म्हणाली, जिचं दुखतंय तिनं पीठ संपायची वाट बघायची न्हाई, आधीच सांगायचं. तसं चालू केलंय. डबे अजून वेळेवर जातात, आन् शेडमध्ये पुन्हा रोज कुणाच्या तरी सासूचा विषय निघतो. तू एकट्यानं ठरवलंस, आम्ही विचारून ठरवलं, फरक म्हणशील तर एवढाच.

तुझी आजी पुतळाबाई. (खाली अंगठा हाय. पीठ लागलंय, झटकून घे.)

ता. क. रविवारी ये. सरदारबीची अट हाय, सत्यजीतनं एक परात पीठ स्वतः थापलं तरच ती परत येईल. भाकरी फाटली तरी चालंल, तुझ्याच डब्यात घालू.

ता. क. (हा माझा, पूनमचा. आजीला वाचून दाखवलेला न्हाई.) दादा, सरदारबी मावशी परवाच आल्यात, अट-बिट काही न्हाई. त्यांना थापायला लागू नये म्हणून आजी त्यांच्या जागेवर जाऊन बसलीय. पीठ संपलं की सगळ्या सरकतात, आजी तेवढी सरकत न्हाई. तिचं मनगट सुजलंय. मावशी आज स्वतः म्हणाल्या, "पुतळाबाई, जा की पाण्याला." तर म्हणती कशी, "नळ हाय की."