पूर्वेकडील गैरसोय

३ मार्च, सोमवार
पहिला दिवस झकास गेला. स्टेडियमला पन्नास वर्षं झाली. त्याची स्मरणिका मी लिहायची आहे: इतिहास आणि सोयीसुविधा. बावीसला सुवर्णमहोत्सवी सामना, त्याआधी छापून हवी. पूर्व गॅलरीखाली, सात नंबरच्या दरवाज्याला लागून मला खोली दिली आहे. टेबल, पंखा आणि एक खिडकी, तीही कॉरिडॉरमध्ये उघडणारी. दादाला फोन केला. तो आणि वहिनी सामन्याला येणार, म्हणून पूर्वेचे दोन पास आजच मागून घेतले. सामना संपला की सात नंबरकडे उतरा, मी तिथेच असेन, असं सांगितलं. दादा म्हणाला, शेंडेफळ एकदाचं कामाला लागलं, आता चहा तूच पाजायचास.

५ मार्च
सगळं पायी फिरून पाहिलं. मैदान एकशे पाच मीटर लांब, अडुसष्ट रुंद. गवताखाली वाळू, वाळूखाली खडी. पाऊस थांबल्यावर वीस मिनिटांत पाणी ओसरतं. दिव्यांचे चार मनोरे. खेळाडूंच्या दोन खोल्या, पंचांची एक. पंचांच्या खोलीतला नळ गळतो. दरवाजे आठ. बाकीचे बाहेर उघडतात, सात नंबरचा तेवढा आत. दारं रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, बांधताना मिस्त्रीनं बिजागरी उलटी बसवली, बाई. पुढे बघतंय कोण?

७ मार्च
रंगारी आज माझ्यावर घसरला. सात नंबरला आतून काल निळा रंग दिला होता, त्यावर सकाळी पंजे उमटलेले. हात टेकायला दुसरी जागा मिळाली नाही का, म्हणाला. मी माझा पंजा शेजारी धरून दाखवला. माझा लहान. तो हसला. मग हसायचा थांबला. सगळे पंजे एकाच माणसाचे नव्हते.

११ मार्च
कपाटात पंचविशीची जुनी स्मरणिका सापडली. त्यात एकोणिसाव्या वर्षापुढे एक ओळ: ‘सामन्याअखेर पूर्वेकडील प्रेक्षकांची काही काळ गैरसोय झाली.’ रंगाऱ्याला वाचून दाखवली. त्यानं ब्रश खाली ठेवला. म्हणाला, सव्वीस माणसं मेली, त्याला गैरसोय म्हणतात होय? फुकटे घुसतील म्हणून सात नंबरला कुलूप होतं. सामना संपला, गर्दी दारावर आली. किल्ली आली, कुलूपही निघालं. पण दार आत उघडतं, आणि मागून रेटा. पुढच्यांना एक पाऊल मागे सरता येईना. त्याचा मामा त्यात होता. उभ्याउभ्याच गेला. पडायलासुद्धा जागा नव्हती.
एकतीस वर्षं झाली आणि बिजागरी तीच. दर वर्षी रंग मात्र नवा.

१३ मार्च
स्टेडियमच्या चिटणिसांकडे गेले. बिजागरी बदला म्हटलं. ते चष्मा पुसत म्हणाले, बदलायची म्हणजे तेव्हा चूक होती असं कबूल करायचं. तुम्हाला सोयी लिहायला बोलावलंय, उखाळ्यापाखाळ्या काढायला नाही. बावीसला कुलूप असणार का, असं विचारलं. असणारच, म्हणाले, फुकटे काय आता कमी झालेत?
रंगाऱ्याच्या आईनं वर्तमानपत्राचं कात्रण जपून ठेवलं आहे. ते मागून घेतलं. दोन पानं लिहिली, सव्वीस नावांसकट.

१५ मार्च
दोन्ही पानांवर तिरकी लाल रेघ. समासात चिटणिसांच्या अक्षरात एकच शब्द. गैरसोय. खाली माझी सही हवी होती. आधीच्या दोन नोकऱ्या तोंडामुळे गेल्या, हे त्यांना ठाऊक आहे.
सही केली.
थू माझ्यावर.

१७ मार्च
आज पंजे नाहीत. ओल्या रंगात एक गाल उमटला आहे. कान. मिटलेला डोळा. रंगारी बघत राहिला. मग डबा तिथेच ठेवून चालू लागला. जाताना म्हणाला, पुसा तुम्हीच, बाई. सही तुमची आहे.

१९ मार्च
रंग वाळला. तरी नवे गाल. खाली, वर, एकावर एक.
भर दुपारी खिडकीबाहेर श्वास. एकाचा नाही. कॉरिडॉर रिकामा.
दादाला फोन केला, येऊ नका. कारण विचारलं त्यानं. काय सांगणार, दार उलटं आहे, म्हटलं. हसला. निदान सात नंबरनं उतरू नका, म्हटलं. म्हणाला, तूच तर बोलावलंस. वहिनीनं पास फ्रिजवर लावून ठेवलेत म्हणे.

२१ मार्च
चिटणिसांच्या भिंतीवरची किल्ली उचलली. चोरी तर चोरी. त्यांची चोरी मोठी. सामना संपायच्या दहा मिनिटं आधी उघडायचं. त्याआधी उघडलं तर पहारेकरी पुन्हा कुलूप घालील.

२२ मार्च
लिहून ठेवते. नाहीतर उद्या पुन्हा तोच शब्द लिहितील.
वर आरोळ्या. खाली कॉरिडॉर रिकामा. किल्ली फिरली. कुलूप हातात. दार ओढलं— हलत नाही. कोणी टेकलंय. पुढे, मागे, खांद्याला खांदा. दिसत कोणी नाही. मागे सरा, म्हटलं. कानाशीच उत्तर आलं— कुठं सरू, बाई?
खोलीत कशी शिरले— वही खिडकीवर—
शिट्टी. संपला सामना.
जिन्यावर पावलं. खूप. वरून त्यांना खाली मोकळं दिसतंय, म्हणून भरभर—
दादाची हाक. शेंडेफळा, चहा तयार—
दादा, मागे फिर. इथे माणसं आहेत. कुलूप मी काढलंय, पण दार आत उघडतं, आणि आत जागा—